सकपाळमामांचं परमिट

आमच्या शेजारचे सकपाळमामा सिलिंडरवाल्याला दारातच अडवतात. "परमिट हाय का?" तो बिचारा दर खेपेला नव्या शिव्या खातो. मग मामाच कागद भरतात, त्याची सही घेतात आणि तेव्हा कुठे सिलिंडर उंबरठा ओलांडतो.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात जन्म गेला त्यांचा, फिटर म्हणून. तिथे साधा पाइप खोलायचा तरी आधी परमिट लागतं: लाइन बंद केली का, प्रेशर उतरवलं का, जबाबदार कोण. मामा निवृत्त झाले, पण परमिट काही सुटलं नाही. मी त्याच कारखान्यात स्टोअरला होतो, त्यामुळे सगळा ताप माझ्याच नशिबी.

गेल्या वर्षी त्यांची डावी पापणी अचानक मिटली ती उघडेचना. वर डोकेदुखी. मी मुंबईला नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या रक्तवाहिनीला मोठा फुगा आलाय, कधीही फुटेल. कवटी उघडून फुग्याच्या मानेला क्लिप लावावी लागेल. मी तिथेच देवाचा धावा सुरू केला.

मामांना मात्र हुरूप आला. "म्हंजे पायपाला फुगवटा! सायेब, आधी मागली लाइन बंद करनार ना?"

"हो, काही मिनिटं तात्पुरती क्लिप लावू."

"किती मिन्टं? लिवून द्या." आणि पिशवीतून काढला की हो परमिटचा कोरा कागद! "तुमच्या कागदावर मी सही करतो, माझ्या कागदावर तुमी करा. त्याबिगर डोक्याला हात लावायचा नाय."

नर्स हसू दाबत होती. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाहेर आल्यावर मी ओरडलो, "अहो, फुगा फुटला तर यमाला दाखवणार का परमिट?"

"त्याच्याकडं तरी हाय का?" मामा म्हणाले.

डॉक्टर देवमाणूस. ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी रकाने भरले, सही केली. मामांनी कागद माझ्या हातात दिला. शेवटच्या रकान्यात त्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरात माझं नाव होतं. कारखान्यात माणूस टाकीत उतरतो तेव्हा तोंडाशी दुसरा उभा राहतो. आतला बाहेर येईपर्यंत त्याने जागा सोडायची नाही, अगदी चहालासुद्धा नाही. तो रकाना होता हा.

"मुलाचं नाव लिहायचंत ना," मी चिडलो.

"तो दुबईला. त्याला सांगितलंच नाय, उगाच घाबरंल." मग माझं मनगट धरून म्हणाले, "तू जाऊ नको रे कुठं."

ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं. समोर खुर्च्या रिकाम्या होत्या, पण मी उभाच राहिलो. पाय भरून आले. कुणी चहाला चला म्हटलं, त्याच्यावर खेकसलो.

दुपार उलटल्यावर डॉक्टर बाहेर आले. "क्लिप नीट बसली. शुद्धीवर येतायत."

तेव्हा मी खुर्चीत बसलो आणि चारचौघांत हमसाहमशी रडलो. त्या हट्टी म्हाताऱ्यापायी!