तळेगावच्या निळ्या हंडीची मोहीम

श्री इंद्रायणीमाई समर्थ

मावळप्रांती कसबे लोणावळे, तेथे तुंगार्लीचे तळ्यानजीक राहणार राजमान्य राजेश्री गंगाधरपंत, निवृत्त मास्तर, यांणी तळेगावाहून काचेची हंडी कैशी आणिली, मार्गी कोण संकटे गुदरली आणि अखेर फत्ते कोणत्या प्रकारे जाहली, हा मजकूर साहेबी पुसला, त्याची हकिकत ऐशी जे,

पंतांचे कुटुंब सौभाग्यवती इंदिराबाईसाहेब यांचे माहेर तळेगाव. त्या स्थळी पूर्वी काचेचे कारखान्याची भट्टी धगधगत असे, आणि तेथील कंदिलाच्या काचा, बरण्या, पेले घाटाखाली आणि घाटावरी घरोघर जात. बाईंचे तीर्थरूप त्या भट्टीवर नळी फुंकून काच फुगवीत. त्यांणी छतास टांगावयाची दिव्याची एक निळी हंडी फुंकिली, ती एका अंगास कलली, म्हणोन कारखान्याने नापसंत केली, आणि म्हणोनच त्यांस घरी नेता आली. पुढे ते कैलासवासी जाहले, मग हंडी कोणी घ्यावी यावरून इंदिराबाई आणि त्यांचे धाकटे बंधू सोपानराव यांजमध्ये कलह माजला. हंडी सोपानरावांचे कबजात राहिली, आणि बाईंनी माहेरचा उंबरा वर्ज्य केला. यात पंतांचा अपराध काडीचा नसता नुकसान त्यांचेच अधिक जाहले, कारण सोपानराव म्हणजे बुद्धिबळाचे पटावर त्यांचे एकच तोलाचे गडी. मग पंत मोबाइलात यंत्राशी खेळू लागले, परंतु यंत्र हरले तरी चडफडत नसे, सबब जिंकण्यास चव उरली नाही.

ऐसे चालत असता सोपानरावांचा खलिता पंतांचे मोबाइलावर येऊन थडकला, की घर विकले, नागपुरास लेकीकडे कायमचे चाललो, हंडी सामानाचे ट्रकात टिकणार नाही, नेणे असल्यास न्यावी. पंतांनी तो स्वयंपाकघराचे दारात उभे राहोन मोठ्याने वाचिला. बाई मेथी निवडीत होत्या, त्या निवडीतच राहिल्या, आणि मग हुकूम जाहला की, आपण जाणार नाही, पंतांनी जावे, हंडी घ्यावी, तडक परतावे, आणि त्या घरी चहा घेऊ नये.

रविवारी प्रातःकाळी पंतांनी कूच केले. डोळियाचे शस्त्रकर्म नुकतेच जाहल्याकारणे मोटार हाकणे मना होते, म्हणोन कुरवंड्याचे गोरखराव, भाड्याचे मोटारीचे सारथी, यांस नामजाद केले. जुने हमरस्त्याने कार्ले, कामशेत, वडगाव मागे टाकोन स्वारी तळेगावी दाखल जाहली. घरात खोकीच खोकी, भिंतींवर तसबिरींचे जागी पांढरे चौकोन, आणि मध्ये सोपानराव एकलेच उभे. सोपानरावांनी चहाविषयी पुसिले. पंतांनी क्षणभर विचार करोन कॉफी मागितली, कारण कॉफीविषयी हुकूम नव्हता.

मग हंडी उतरविली, पंतांचे हाती दिली, आणि लागलीच परत घेतली. पुन्हा दिली, पुन्हा घेतली. अखेर सोपानराव पायी सपाता होत्या त्यांसह मोटारीत मागे बसले, हंडी मांडीवर घेतली, आणि वडगावापर्यंत सोबत येतो म्हणाले. वडगाव आले, तेव्हा म्हणाले, कामशेतपर्यंत. वाटेने एखादे दुकानी बिस्किटांची जुनी बरणी दिसे, की ते मान वळवोन “आमच्या तळेगावची,” ऐसे म्हणत. पंतांनी खरी की खोटी, हे पुसिले नाही.

कामशेतचे पेठेत बाका प्रसंग गुदरला. तांदळाचे पोत्यांनी लादलेला टेंपो अकस्मात मागे मागे येऊ लागला, गोरखरावांनी ब्रेक दाबिला, पंत पट्ट्यात अडकले, आणि सोपानरावांचे दोन्ही हात हंडीस वेढलेले, सबब कपाळ पुढील आसनाचे दांडीवर आदळले.

“आबा, लय लागलं का?” गोरखरावांनी पुसिले.

“हंडीला?”

“न्हाई वो, तुमाला.”

“मला काय होतंय. हंडी ठीक आहे.”

“मग हितं उतरता का फुडं येता?”

सोपानराव खिडकीबाहेर पाहत राहिले. कपाळी टेंगूळ सुपारीएवढे उठले होते. “चल तू,” म्हणाले. पंतांनी आरशात ते टेंगूळ पाहिले, आणि दारी काय होईल याची चिंता करू लागले.

लोणावळियात चिक्कीचे दुकानांपुढे पर्यटकांचे सैन्याने रस्ता अडविला होता. पंत उतरोन, हात पसरोन, मोटारीपुढे पायी चालले आणि वाट करीत करीत तुंगार्लीस पोहोचले. घंटा वाजविली. इंदिराबाईंनी दार उघडिले, तो समोर बंधू, काखेत निळी हंडी. पंतांस आपलेच जिन्यावर परके वाटू लागले.

“कपाळाला काय झालं?” बाई म्हणाल्या.

“काही नाही.”

“काही नाही कसं? केवढं टेंगूळ आलंय. आत ये आधी.”

मग बर्फ आला, आंबेहळद उगाळली, आणि हंडी कोचावर ठेविली, तिकडे कोणी पाहिले नाही. जेवणे जाहली, आणि मग युद्धास तोंड लागले, परंतु उफराटे. बाई म्हणाल्या, “तूच घेऊन जा. परक्या गावात घरचं काहीतरी हवं तुला.” बंधू म्हणाले, “तुझ्यासाठी कपाळ फोडून आणली, ती परत नेऊ?” बाई म्हणाल्या, “मी भांडले, ती हंडीसाठी नव्हे. मला न विचारता तू ती आपल्या खोलीत टांगलीस.” सोपानरावांनी तेव्हा हंडीकडे पाहिले, आणि म्हणाले, “विचारायला हवं होतं, ताई.” बाईंनी पदराने हंडी पुसिली, वस्तुतः ती स्वच्छ होती.

अखेर तह ठरला, की हंडी नागपुरास जावी, बाईंनी ती रेल्वेत मांडीवर घेऊन स्वतः पोहोचवावी, आणि बंधूचे घर लावून मग परतावे. तो मंजूर जाहला. पंतांस कोणी पुसिले नाही.

आता कोणी म्हणेल, हंडी आली तैशीच गेली, मोहीम फुकट. तरी लिहिणे प्राप्त, की बाई नागपुराहून सायंकाळी फोन करीत, मागोन सोपानराव बोलत, हंडी वाकडी टांगली की मुळात वाकडी यावर दोघे भांडत, आणि परस्परांचे वाक्य पुरे होऊ देत नसत. पंत तुंगार्लीस एकले, आपले हाते केलेले वरण खारट जाहलेले, ते भातावर घेऊन फोन कानाशी धरोन बसत, आणि भांडण संपल्याविना ठेवीत नसत. येणेप्रमाणे राजेश्री पंतांस पूर्ण यश आले. हे दप्तरी दाखल असावे.