येथे काही वगळले आहे

व्हिडिओ तीन मिनिटांचा हवा होता आणि सर चाळीस मिनिटं बोलले होते. सकाळपासून ताई सारखी घड्याळाकडे बघत होती ती त्यामुळेच. दुपारी अनुदान समिती येणार होती, तिला प्रयोगशाळेचं काम पडद्यावर दाखवायचं होतं. "व्हिडिओ नीट झाला की तुमची मुदतवाढ पक्की," असा शब्द सरांनी दिला होता, आणि ताईचं कंत्राट याच महिन्यात संपत होतं. एरवी गोगलगायींना कोबीची पानं घालणारी, त्यांच्या नोंदी ठेवणारी ही बाई आज कात्रीचं चित्र असलेल्या एका फुकटच्या सॉफ्टवेअरसमोर जीव मुठीत धरून बसली होती.

गोगलगायींना वास लक्षात राहतो का, हा या प्रयोगशाळेचा विषय. गोगलगायी हळू चालत आणि सर त्यांच्याहून हळू मुद्द्यावर येत.

ताईने कात्री चालवली. खोकला उडवला, "म्हणजे काय आहे ना" उडवलं, सरांच्या गुरूंची आठवण उडवली. सरांनी "धन्यवाद" म्हटल्यानंतरचं तर तिने ऐकलंसुद्धा नाही. इथे कॅमेरा मध्येच बंद करायची पद्धत नव्हती. समोर गोगलगाय असो की सर, कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड भरेपर्यंत चित्रण चालू. त्या दिवशी "धन्यवाद" होताच ताई कोबी आणायला गेली होती. मागे रिकामी खुर्चीच राहिली असणार असं धरून तिने ते शेपूट छाटून टाकलं.

सर बघायला आले आणि दुसऱ्याच वाक्याला थबकले.

"माझा खोकला कुठे गेला?"

"कापला, सर."

"कापला? आजवर आपण एक तरी निरीक्षण गाळलंय का?"

"पण सर, खोकला म्हणजे काही..."

"आज खोकला गाळाल, उद्या गोगलगाय गाळाल! जिथे जिथे कापलंय तिथे पडद्यावर चिठ्ठी लावा. स्पष्ट अक्षरांत."

आकडेमोड बघणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे दशांशराव म्हणत. त्यांनीही मान आत घातली. "गोगलगायीचा वेग वाढवलाय, तेही लिहा हो. नाहीतर समितीला वाटायचं, आपल्याकडच्या पळतात."

ताई चिठ्ठ्या लावत सुटली. 'येथे खोकला वगळला आहे.' 'येथे दुसरा खोकला वगळला आहे.' चिठ्ठी वाचायला वेळ मिळावा म्हणून चित्र थांबवावं लागे, थांबवलं की व्हिडिओ लांबे, लांबला की आणखी कापावं लागे, आणि कापलं की पुन्हा चिठ्ठी आलीच. ताई उठायची, घड्याळ बघायची, परत बसायची, नखं खायची. बाहेर गाडीचं दार वाजलं तेव्हा तिचा धीर सुटला. तिने सरांचं सगळं भाषणच उचलून फेकलं आणि एकच चिठ्ठी चिकटवली: 'येथे सर वगळले आहेत.' सुरुवातीचा नमस्कार आणि शेवटचं धन्यवाद तेवढं उरलं, मध्ये एक गोगलगाय धावत होती. अखेरीस सवयीने तिने आणखी एक चिठ्ठी लावली: 'धन्यवादानंतरचे अवांतर वगळले आहे.' बरोबर तीन मिनिटं झाली.

'येथे सर वगळले आहेत' पडद्यावर आलं आणि समिती खो खो हसली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं ताईला झालं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

"इतका प्रामाणिक व्हिडिओ मी अजून पाहिला नव्हता. अनुदान झालंच समजा."

सरांची छाती फुगली. "आमची पद्धतच तशी आहे, बाई. इथे लपवाछपवी नाही."

"मग ते धन्यवादानंतरचं अवांतर काय आहे, तेवढं दाखवा ना. मघापासून तेच डोक्यात घोळतंय."

"अवश्य! ताई, लावा."

दशांशराव ताडकन उठले. "सर, त्यात विशेष काही नसेल..."

"बसा हो! आपल्याला लपवायचंय काय?"

ताईने मूळ चित्रणाचं ते शेपूट लावलं. पडद्यावर रिकामी खुर्ची आली आणि मागून सरांचा आवाज. "ताई गेल्या ना? हं. त्यांचं कंत्राट मी वाढवत नाहीये. त्यांच्या जागी आमच्या साडूंचा मुलगा येतोय. व्हिडिओ होईपर्यंत त्यांना सांगू नका मात्र." पाठोपाठ दशांशरावांचा आवाज आला, "बरं, सर."

ताईला आधी रडू आलं, मग संताप आला, आणि मग सकाळपासूनची धास्ती एकाएकी गेली. आता घाबरायचं कशाला?

"सर, हे कापायचं असेल तर कापते," ती म्हणाली. "फक्त चिठ्ठीवर काय लिहू, ते सांगा."

सर पडदा बंद करायचं बटण शोधू लागले.

"मी सांगते," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आणि अनुदानाच्या अटींमध्येही तेच घालते. लिहा, 'येथे साडूंचा मुलगा वगळला आहे.'"

सरांना जोरात खोकला आला. तो मात्र कुणी कापला नाही.