हलक्या यंत्रापायी झरेवाडी गेली तो मजकूर

श्रीगजानन, जो लिहिणाराचा हात जाणतो आणि पुसणाराचाही, त्यास आधी नमन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध प्रतिपदेस झरेवाडी परराज्यात गेली. साहेबीं पुसिले की, "गाव लढाईत जातो, धरणात जातो, हा गाव संगणकात कैसा गेला?" त्यास वर्तमान ऐसे की, कोणे एके राज्यी (नाव लिहीत नाही, चार राज्यांचे लोक भांडत येतील की हे आमचेच) महाराजांचे चित्तात आले की कागद म्हणजे वाळवीचे अन्न, सबब कुल दफ्तर यंत्रात घालावे आणि राज्य कागदमुक्त करावे. मग सहा महिने कारकून कागदांच्या छबी काढीत बसले, आणि छबी निघालेल्या कागदांचा लगदा करोन द्रोण-पत्रावळी घडविल्या, आणि त्यांवर हजार पान उठविले. त्यांत झरेवाडीचा करीनाही होता. झरेवाडी म्हणजे सरहद्दीवरील चाळीस उंबऱ्यांचा गाव, वरती डोंगर, डोंगरात बारमाही झरा; आणि झरा व गाव महाराजांचे राज्याचे, ऐसे शेजारील पैलतीर राज्याच्या राजाने चार पिढ्यांमागे दोन शिक्क्यांनिशी लिहोन दिले होते, तो करीना. त्याचा द्रोण होऊन महाराजांचेच पानावर आला. आमटी कढत होती, शिक्क्याची लाख विरघळली, आणि महाराज भुरका मारोन बोलिले, "आज रंग बरा आलाय आमटीला."

दफ्तरदार यादोपंत म्हणोन होते, जन्माने झरेवाडीचे, स्वभावे इतके काटेकोर की स्वप्नात दिसले तेही तारीख घालोन सांगत. त्यांची धाकटी बहीण अंबूताई, विधवा, गावीच राहत असे. झऱ्याचे पाटाखाली तिची पोफळीची बाग. पंतांस दुसरे कोणी नव्हते. दर दिवाळीस गावी जावे, बहिणीचे हातून ओवाळून घ्यावे, इतुकाच संसार. मग दफ्तर यंत्रात तर गेले, परंतु यंत्रे जुनी. सकाळी कळ दाबावी, स्नान करावे, न्याहारी करावी, तरी पडद्यावर चक्र फिरतच असे. ज्या विलायती कुंपणीची ऑपरेटिंग सिस्टिम यंत्रांत होती तिने खलिता धाडिला की जुनीची डागडुजी आता बंद, नवी घेणे तर यंत्रेही नवी घेणे. खजिनदारांनी खलिता वाचिला आणि उशाखाली ठेविला. तेव्हां राजवाड्याचे संगणक दुरुस्त करणारा हरबाजी, तोंडात सदा सुपारी, तो पेनड्राइव्ह नाचवीत दफ्तरात आला आणि म्हणाला, "पंत, सगळं काढून टाका. ही घाला. पवनवेग सुपर लाइट. यंत्र घोडा होतं, घोडा!"

पंतांनी पुसिले, "कुंपणीची आहे का?"

"मूळ कुंपणीचीच. पण अघोरी नव्व्याण्णव म्हणून एक आहे, त्यानं घरी बसून कापून-तासून हलकी केलीय."

"हा अघोरी कोण? राहतो कुठं?"

"ते कोणाला माहीत? पण नेटवर तिच्याखाली चार हजार लोकांनी 'थँक्यू भाऊ' लिहिलंय. हात जोडलेले वेगळेच."

"काय काय कापलंय त्यानं?"

"नको ते. फायरवॉल म्हणून चौकीदार होता एक, बसून खायचा, तो काढला. दर महिन्याला कुंपणीकडून अपडेट यायचं, ऐन कामात यंत्र अडवायचं, तेही काढलं."

"आणि परवान्याचा शिक्का?"

"उमटतो की! ही बारकी फाइल चालवायची. फक्त आधी अँटिव्हायरस बंद ठेवा, नाहीतर बोंबलतो."

"का बोंबलतो?"

"सवय असते त्याला."

पंतांचे मनात आले की हे नीट नव्हे. घरात येणारा म्हणतो आधी कुत्रा बांधा, मग दार उघडा, त्यास पाटावर बसवावे हे कोठले शहाणपण? परंतु हरबाजीने सिस्टिम घातली, आणि यंत्र पानाचा विडा चघळोन होण्याआधी जागे जाहले, आणि पंत, ज्यांनी दोन वर्षे त्या चक्राकडे पाहोन डोळे पांढरे केले होते, ते लहान मुलासारखे हसले आणि उगे राहिले. या उगे राहण्यास फार तर दोन पळे लागली असतील. मग तोच पेनड्राइव्ह जामदारखान्यात गेला, मुदपाकखान्यात गेला, पीलखान्यात गेला. तेथे हत्ती एकच, तोही आजारी, परंतु त्याचे औषधाचा तक्ता यंत्रात असे. जैसे एका घरचे विरजण आळीभर फिरते आणि साऱ्यांचे दही एकाच चवीचे लागते, तैसे अठरा कारखाने त्या एका अघोऱ्याचे हातचे जाहले, आणि तो कोण, गोरा की काळा, निजतो केव्हां, हे कोणास ठाऊक नाही.

यासी दोन वर्षे लोटली. मग पैलतीरकरांनी दावा लाविला की झरेवाडी आमची, तुमची म्हणता तर कागद दाखवा. तिसऱ्या राज्याचे न्यायाधीश पंच म्हणोन आले. त्यांनी सांगितले की कागद नाही तर यंत्रातील छबी पाहू, परंतु दफ्तरदाराने शपथेवर दाखला लिहोन द्यावा की यंत्र रीतसर आहे, सुस्थितीत आहे, आणि त्यास परक्याचा हात लागलेला नाही. महाराज म्हणाले, "एवढंच ना? लिहून टाका, पंत." पंत म्हणाले, "महाराज, आधी कुंपणीला विचारू. त्यांनी तपासून 'निर्मळ आहे' म्हटलं तर मी दोन्ही हातांनी लिहीन." खलिता गेला. आठवे दिवशी जबाब आला की, "हे आमचे नव्हे. आमचे घराच्या भिंती पाडिल्या, दारे उपटिली, आणि आमचे नावाची पाटी मात्र ठेविली, त्या घरात साप आहे की नाही हे आम्हांस पुसो नये. शिक्का खोटा आहे, त्याचा जबाब मात्र आम्ही आपणांस पुसणार आहो." मग अघोऱ्यास पत्र लिहावे म्हटले तर पत्ता नाही. हरबाजीने नेटवर तेथेच खाली एक ओळ लिहिली, "भाऊ, अर्जंट आहे." त्यावर कोणी परक्याने हात जोडिले, बाकी काही आले नाही.

प्रतिपदेस दोन प्रहरी पंचसभा बैसली. यंत्र आणिले, मोठा पडदा लाविला, आणि करीना उघडिला. दोन शिक्के, वळणदार मोडी, सारे जागचे जागी. झरेवाडीची माणसे गाडी करोन आली होती, त्यांत पुढे अंबूताई. ती उभी राहोन म्हणाली, "हाच तो. आमचे आजोबा तोंडपाठ म्हणायचे." न्यायाधीश म्हणाले, "बाई, तोंडपाठ पैलतीरकरांनाही आहे. त्यांचं वेगळं आहे, इतकंच." मग पैलतीरचे वकील भवानजी उठिले, आवाज साखरेत घोळलेला, आणि यादोपंतांस पुसते जाहले:

"पंत, ही सिस्टिम कोणी केली?"

"ठाऊक नाही."

"तिच्यात काय घातलंय?"

"काय काढलंय ते सांगितलं होतं. काय घातलंय ते कोणी सांगितलं नाही."

"आणि आपण विचारलंत?"

आणि तेव्हां ऐसे जाहले की पडद्यावरील बाण, ज्यास कोणी शिवले नव्हते, माऊस पंतांचे हातापासोन वीतभर दूर, तो बाण आपोआप उठिला, करीन्यावर गेला, शिक्क्याभोवती दोन फेरे घातले, पान मिटिले, पुन्हा उघडिले, आणि आला तैसा कोपऱ्यात जाऊन निजला. हरबाजी म्हणाला, "वारा असेल." खिडक्या बंद होत्या. न्यायाधीशांनी भवानजींकडे पाहिले, तर भवानजी स्वतःच दोन पावले मागे सरले होते. ते म्हणाले, "आमची माणसं नव्हेत हो, देवाशपथ! आम्ही इतके हुशार असतो तर माझ्यासारखा वकील कशाला लावला असता?" आणि ते खरे होते. कोणी तिसराच होता, दोन वर्षे होता, आणि त्यास झरेवाडीशी काही देणेघेणेही नव्हते. घरात शिरलेला जैसा सहज फडताळ उघडोन पाहतो, तैसे त्याने पाहिले.

न्यायाधीश म्हणाले, "पंत, दाखला देता?" महाराजांनी भुवयांनी खूण केली. अंबूताई पुढे येऊन भावाचा हात धरिती जाहली. "अण्णा, लिही. करीना खरा आहे ना? मग खऱ्यासाठी एवढं लिही."

"अंबे, करीना खरा होता. हा तोच आहे का, ते मला माहीत नाही."

"अरे, तूच ठेवलास ना तो?"

"मी ठेवला. दोन वर्षं मी रोज दार लावून बसत होतो, आणि खोलीत आणखी कोणी बसलेलं होतं. त्यानं अक्षरालाही हात लावला नसेल. पण 'नसेल' याची शपथ कशी घेऊ?"

"तुला माझं घर दिसत नाही?"

"दिसतंय गं. तेवढंच दिसतंय."

मग पंतांनी बोरू नव्हे, तीन रुपयांचे बॉलपेन घेतले, आणि दाखल्याचे जागी दोन शब्द लिहिले: "ठाऊक नाही." आणि खाली तारीख घातली. न्यायाधीशांनी झरेवाडी पैलतीरकरांस दिली. अंबूताई रडली नाही. ती इतुकेच म्हणाली, "हे दोन शब्द तेव्हा का नाही बोललास, तो पेनड्राइव्ह आला तेव्हा?" आणि गाडीत जाऊन बसली.

मग महाराज बहुत दिलगीर जाहले आणि आज्ञा करिते जाहले की असली सिस्टिम आणावी, चौकीदार ठेवावेत, यंत्रे नवी घ्यावी. खजिनदारांनी आज्ञा वाचिली आणि उशाखाली ठेविली. चवथे दिवशी हरबाजी दुसरा पेनड्राइव्ह घेऊन आला आणि म्हणाला, "नवी आवृत्ती आलीय. हिच्यात बाण हललेला दिसत नाही." ती अठरा कारखान्यांत घातली. सारे म्हणाले, आता बरे आहे.

पुढील दिवाळीस यादोपंत भाऊबीजेस झरेवाडीकडे निघाले. ओढ्यापाशी पैलतीरकरांची चौकी. पहारेकरी म्हणाला, "इथं जन्मलेल्यांना मोकळीक आहे, बाकीच्यांना नाही. तुमचा जन्म कुठला, आजोबा?" पंत म्हणाले, "इथलाच. तो वड दिसतोय, त्याच्या मागचं घर." तो म्हणाला, "दाखला?" पंतांनी पिशवीतोन दफ्तराचा छापील दाखला काढिला. पहारेकऱ्याने दोन्हीकडोन पाहिला आणि अदबीने परत दिला. "त्या यंत्रातला आमच्याकडे चालत नाही. तुमच्याच दफ्तरदारानं लिहून दिलंय म्हणे, की त्याला ठाऊक नाही." ओढ्याचे पलीकडे अंबूताई ताट घेऊन उभी होती, वाऱ्याने निरांजन विझले होते. पंत तासभर उभे राहिले, मग फिरले.

येणेप्रमाणे गाव गेला. लढाई जाहली नाही, माणूस मेले नाही, अक्षरही बदलले नसेल. ज्यांनी घेतला त्यांसही ठाऊक नाही की आपला होता की नव्हता. यादोपंत खरे बोलिले हे खरे, परंतु दोन वर्षे उशिरा बोलिले, आणि उशिराचे खरे घेऊन ओढा ओलांडता येत नाही. इतुकेच वर्तमान.