नोकरी नसल्याचा दाखला

काळाचौकीचा अवधूत रेडकर गेली चौदा वर्षं सरकारी नोकरीची तयारी हा पूर्णवेळ व्यवसाय सचोटीने करत होता. चाळीत कुणाचाही फॉर्म अडला की तो अवधूतकडे येई. त्याच्या मार्गदर्शनाखाली दोघे पालिकेत चिकटले, एक अग्निशमन दलात गेला. अवधूतला अनुभव मिळाला. या महिनाअखेर तो वयोमर्यादा ओलांडणार होता आणि कनिष्ठ लिपिकाच्या एका जागेसाठी अर्ज करायची शेवटची तारीख आज, शुक्रवारी होती. ही जागा गेली की जन्मभर मार्गदर्शनच करायचं, हे त्याला कळून चुकलं होतं.

अर्जाला या वेळी एक नवा कागद जोडायचा होता: उमेदवार कुठेही नोकरीला नसल्याचा दाखला. तो परळच्या एका कार्यालयात मिळायचा. अवधूत पोचला तेव्हा वीसेक जण रांगेत होते आणि दाखल्याच्या टेबलावर कुणीच नव्हतं. हेडक्लार्क सुचित्राबाईंनी चहा संपवून खुलासा केला, की हे टेबल तीन वर्षं रिक्त आहे आणि तीच जागा भरायला जाहिरात काढली आहे.

"म्हणजे माणूस लागल्याशिवाय दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय माणूस लागणार नाही?" अवधूतने विचारलं.

"तुम्हाला नियम पटकन कळतात हो," बाई कौतुकाने म्हणाल्या.

चौदा वर्षांचा अभ्यास अशा वेळी कामाला येतो. रिक्त टेबलाचा कार्यभार एका दिवसासाठी जाणकार नागरिकाकडे मानद तत्त्वावर देता येतो, असं कुठल्याशा परिपत्रकातलं कलम त्याने घडाघडा म्हणून दाखवलं. मानद काम म्हणजे नोकरी नव्हे, त्यामुळे त्याची बेरोजगारीही शाबूत राहत होती. परिपत्रक शोधण्यापेक्षा चार्ज देणं सोपं, असा विचार करून बाईंनी शिक्का त्याच्या हातात ठेवला.

खुर्चीत बसताच अवधूतची पाठ आपोआप मागे टेकली. पहिला दाखला त्याने स्वतःला दिला. अर्जदार ओळखीचा असल्याने पडताळणीला वेळ लागला नाही. मग रांगेतली पहिली मुलगी पुढे आली. लालबागची पूर्वी, पाचव्यांदा प्रयत्न करणारी. फॉर्म भरायला ती अवधूतकडेच शिकली होती, त्यामुळे तिचे कागद चोख होते. त्याने तिच्यामागची रांग पाहिली. दाखले वीस आणि जागा एक, हे त्याच्या लक्षात यायला लागलं.

"अवधूतदादा, लास्ट डेट आज आहे रे," पूर्वी म्हणाली.

त्याला वाईट वाटलं. खरंच वाटलं.

"झेरॉक्स पुसट आहे," तो म्हणाला. "सोमवारी या."

आता वाचता वाचता तुम्ही त्याला शिवी हासडली असेल. अवश्य हासडा. फक्त त्याआधी त्या खुर्चीत बसून पाहा, की समोर पूर्वी आणि हातात शिक्का असताना झेरॉक्स पुसट दिसायला तुम्हाला किती सेकंद लागतात.

मला चार लागले.