बाईसाहेबांनीं इंग्रजी काळ जिंकिले त्याची हकीकत

श्री. वाचा देणाऱ्या देवतेस आधीं नमन, आणि वाचा आंवरणाऱ्या देवतेस त्याहून अधिक. शके सतराशें चौऱ्याऐंशी, दुंदुभी नाम संवत्सरीं एके राज्यीं वर्तमान जाहलें तें ऐसें. राज्याचें नांव लिहीत नाहीं, कारण तेथील मंडळी अद्याप भांडखोर आहेत. तेथें श्रीमंत अंबिकाबाईसाहेब कारभार करीत. त्यांनीं तळ्यास धरण बांधविलें आणि मग टोपीकरांच्या साहेबाचा खलिता आला कीं, धरण पुरें असेल तर तळ्याचा परगणा तुमचा. काम चालूं असेल तर आम्ही पुरें करूं आणि परगणाही आम्हींच सांभाळूं. हा साहेब डोळ्यांपेक्षां कानांवर भरंवसा ठेवणारा, तोंडून निघेल तेंच कागदीं चढवी. मागें दुभाष्यानें 'बांधिला आहे' ऐवजीं 'बांधीत आहों' म्हटलें आणि उभा पूल हातचा गेला होता. सबब बाईसाहेबांनीं मनीं धरिलें कीं, यंदा आपणच बोलावें.

मग बाळंभट मास्तर आणविले. त्यांची क्रियापदांवर हुकमत ऐसी कीं, ते नुसते खांकरले तरी रानांतलीं क्रियापदें रांगेंत उभीं राहात. त्यांनीं निवेदन केलें कीं, सरकार, काळ तीन. भूतकाळीं जातांना बहुतेक क्रियापदें पागोट्यास 'एड'चा शेमला सोडितात. 'कट' आणि 'पुट' हे बैरागी, कोठेंही जावोत, वस्त्र बदलीत नाहींत. 'गो' मात्र बहुरूपी. तो 'वेंट' होऊन परतला तेव्हां त्याच्याच बायकोनें दार उघडिलें नाहीं. काम चालूं असतां मागें 'इंग'ची झांज वाजते. 'विल' हा जासूद, उद्यांच्या मुलखीं आधीं शिरतो. आणि काम होऊन गेलें, परंतु त्याचें फळ आज पदरीं आहे, तेथें 'हॅव' पाहिजे. बाईसाहेबांस हें शेवटलें फार आवडलें. त्या म्हणाल्या, आमचें धरण तें हेंच.

त्या दरबारीं रीत ऐसी कीं, कोणतीही विद्या माणसें उभीं करून शिकावी. म्हणोन चौकांत दिवाण विसाजीपंत 'बिल्ट' जाहले आणि त्यांचा हुजऱ्या धोंडजी 'हॅव' जाहला. मास्तर धोंडजीस पुढें करीत, आणि दिवाण त्यास धरून मागें सारीत. हुजऱ्यानें धन्यापुढें पाऊल टाकूं नये, हा तेथील जुना दंडक. मास्तरांनीं हात जोडिले, दिवाण ढळेनात. बाईसाहेब बिचाऱ्या डोळ्यांनीं पाहात तेंच पाठ करीत, आणि झोंपेंतही त्यांच्या मुखीं 'वुई बिल्ट हॅव' येऊं लागलें. इतक्यांत साहेबाचा तांडा वेशीशीं आला. मास्तर रडकुंडीस येऊन म्हणाले कीं, सरकार, हें ऐकून साहेबास कांहींच उमगणार नाहीं आणि तो आपल्या सोयीचें लिहील.

बाईसाहेब चौकांत उतरल्या आणि शांतपणें म्हणाल्या, "दिवाणजी, तुमची पालखी निघते तेव्हां चोपदार कोठें असतो?"

"पुढें, बाईसाहेब."

"मग तो तुमचा धनी काय?"

दिवाण पागोटें चांचपूं लागले. "तो वर्दी देतो, बाईसाहेब."

"हाही वर्दीच देतो. जाऊं द्या त्यास पुढें, नाहींतर परगणा जाईल."

दिवाण मागें सरले, आणि त्यांस तें ऐसें मानवलें कीं मग धोंडजी लाजून मागें येऊं लागतां तेच त्यास ढकलीत. चौकांतून दोघे योग्य क्रमानें चालले आणि बाईसाहेबांची जीभही त्यांचेमागें चालली.

साहेब आला, खुर्चीवर ऐसपैस बसला आणि त्यानें पुसिलें कीं, धरणाचें काय? बाईसाहेब पडद्याआडून बोलिल्या, "वुई हॅव बिल्ट इट. पीपल आर ड्रिंकिंग." साहेबाची लेखणी थबकली. तो बोलिला कीं, पुढल्या सालीं तें राहील काय? उत्तर आलें, "इट विल स्टँड." मग साहेबानें परगणा बाईंचा ऐसें लिहून मोहोर केली, परंतु खुर्ची सोडीना, आणखी दोन महिने मुक्काम करून मुलूख पाहावा, ऐसा त्याचा बेत दिसला. तेव्हां बाईसाहेब अति गोड स्वरें बोलिल्या, "यू हॅव कम. यू हॅव सीन. नाऊ यू आर गोइंग."

साहेबानें जाण्याचा विचारही केला नव्हता. परंतु व्याकरण इतकें निर्दोष कीं, त्यांत चूक काढावयास जागा नाहीं; सबब तो उठला, टोपी घातली आणि निघाला.

एवंच, परगणा राहिला, पाणी राहिलें, साहेब गेला. इति.