सारवणाच्या स्वारीची हकिकत

श्री शंभू साक्ष. ऐकणाऱ्यांनी पाय पोटाशी घेऊन बसावं, कारण हकिकत लई मोठी आणि जागा लहान.

मुखेडच्या अलीकडं, जुनं गाव पोटात गाडून बसलेल्या पांढरीच्या टेकाडावर, यंदाच्या पौषात राजमान्य राजेश्री शेषेराव सर, प्राचीन संस्कृतींचे संशोधक, ब्रश, खुरपी आणि चाळण्यांची जंगी फौज घेऊन उतरले, आणि महिनाभर खणून दोन हजार वर्षांमागची एक भुई हाती लागली, आणि तिजवर कमानीसारख्या वळ्या निघाल्या, आणि मग सरांनी फर्मान सोडलं की, या नागाच्या खुणा, हे नागपूजेचं ठाणं, आणि सांजेला वहीत तसंच लिहावं.

हे वर्तमान छावणीच्या मुदपाकखान्याच्या सुभेदारीण श्रीमंत रत्नम्मा यांच्या कानी गेलं आणि त्यांचं पित्त खवळलं. साठ वर्षं शेणानं सारवत आलेला हात तो!

"बाईनं गुडघे घासायचे अन् नाव सापाचं? सर, ही बोटं हायेत, बोटं! वहीत लिवून तर बघा, तवा चढायचा न्हाई!"

ऐसा हुकूम होताच सगळी फौज सरांकडं बघू लागली.

"मग सारवून दाखवा, मावशी," सर बोलले. "जुळलं तर तुमचं खरं. नाही तर साप."

मग शेण आलं, आणि बाईसाहेबांनी पदर खोचून शेजारी हातभर भुई सारवली, आणि काय सांगावं! जुन्या कमानी झुकल्या डावीकडं आणि नव्या उजवीकडं. मोर्चा ढासळला. सरांनी पेनाचं टोपण काढलं.

तेव्हा रत्नम्मांची नजर भांडी घासणाऱ्या सूनबाई दामिनी यांजवर गेली, ज्यांच्या डावखुरेपणावर त्यांनी बारा वर्षं तोंडाची तोफ डागली होती, आणि ती नजर तीनदा माघारी फिरली, आणि मग त्या बोलल्या, "दामिनी, ये. डाव्यानंच सारव."

"आत्याबाई, पुन्हा एकदा म्हणा की."

"अगं ये म्हणते ना, भवाने!"

मग सूनबाई बसल्या, आणि डावा हात सर्रकन फिरला, आणि कमानीला कमान ऐशी बसली की सरांनी चष्मा दोनदा पुसला.

तेणेप्रमाणे वहीत नमूद झालं की, घरातली भुई, डावखुऱ्या बाईनं सारवलेली. नाग बाइज्जत बरखास्त. आणि मग तवा चढला, आणि दामिनीनं डाव्या हातानं भाकरी वाढली, आणि रत्नम्मांनी मुकाट ताट पुढं केलं. ऐशी ही फत्ते माघ वद्य पंचमीस, भर भुकेच्या वेळी, मुक्काम टेकाड, दाखल झाली.