डोक्यावर तट असलेली देवी

धुळ्याला आमच्या शेजारच्या नानांकडे चहा हवा असेल, तर आधी देव ओळखावा लागे. नाना पाटबंधारे खात्यातले निवृत्त ड्राफ्ट्समन. जहाजावर नोकरीला असलेल्या धाकट्या भावाने तुर्कस्तानच्या बाजारातून रोमन काळातली सात काशाची नाणी आणली होती. नाना ती राजाचं तोंड खाली, मागचा देव वर करून मांडत. "राजे बदलतात हो. देव गावाचा असतो."

मी एकदा "गजलक्ष्मी" म्हणालो. "हत्ती दाखवा," नाना म्हणाले. त्या दिवशी मी नुसत्या पाण्यावर घरी आलो.

त्यांची लाडकी नगरदेवी. डोक्यावर तटबंदीचा मुकुट, अंगावर गर्द हिरवा थर. "कातडी आहे ती तिची, पुसायची नाही." कडेच्या झिजलेल्या अक्षरांवरून ती कुठल्या शहराची, हे नानांनी मोठ्या खटपटीने ठरवलं होतं. नाशिकचे एक प्राध्यापक ते पडताळायला येणार होते. तर्क बरोबर निघाला, तर लेखात नानांचं नाव छापणार होते.

ते पाचला येणार. चारला नानांनी डबी उघडली, तर नाणी सहाच. मला हाक आली.

"काल होतं?"

"होतं म्हणजे? मी झोपतो ते तिला बघून."

कपाट झालं, गाद्या झाल्या. शेवटी मी देवघरात डोकावलो. टाकांच्या रांगेत नगरदेवी उभी. लखलखीत पिवळी, कपाळी कुंकू.

नानांची थोरली बहीण, अक्का, मागे येऊन उभी राहिली. दिवाळीनंतर ती शिंदखेड्याहून कायमची इथे आली होती. नवरा गेल्यावर सासरच्या देवीचा टाक दिरांनी ठेवून घेतला होता.

"मनी देवी शे ती, नाना. कितली काळी पडेल व्हती. चिंच लाईसन घासी मी."

मी भिंग लावलं. एक अक्षर धड लागेना. नानांनी नाण्याकडे हात नेला. अक्काने पदर सावरला आणि त्या हाताकडे बघत राहिली.

तेवढ्यात प्राध्यापक आले.

"सहाच? नगरदेवी कुठंय?"

"ती पूजेत बसली, सर," नाना म्हणाले.

"पाच मिनिटं बघून परत देतो."

"पूजेतला देव उचलत नाहीत."

प्राध्यापक जरा ताठूनच गेले. नाना देवघरापुढे मांडी घालून बसले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून अहिराणी मी ऐकली नव्हती.

"अक्का, हिले निवद काय लागस?"

"तू खाशी तेच," अक्का म्हणाली.